लपवलेली अंघोळ

प्रवासवर्णन लिहिणाऱ्या माणसाला मी एकच प्रश्न विचारतो : अंघोळ कुठं केलीत?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. चारशे-चारशे पानांची प्रवासवर्णनं मी वाचलेली आहेत. लेखक सहा आठवडे हिंडतो, अठ्ठावीस सूर्यास्त पाहतो, तीनदा 'अंतर्मुख' होतो, पण एकदाही अंगावर तांब्याभर पाणी ओतून घेत नाही. आमच्या लहानपणी पाहुणा दारात उभा राहिला की दुसरा प्रश्न हाच असायचा. पहिला 'वाटेत त्रास नाही ना झाला?' आणि दुसरा 'आधी चहा घेणार की अंघोळ?' तोवर आई बंबात दोन गोवऱ्या सरकवून मोकळी झालेली असे. घंगाळातलं कढत पाणी अंगावर घेऊन पाहुणा पाटावर येऊन बसला की मग त्याच्या प्रवासाच्या हकिकतीवर विश्वास ठेवायचा, असा आमच्या घरचा रिवाज होता. न्हालेला माणूस खोटं कमी बोलतो अशी माझ्या वडिलांची समजूत होती. ती पुढं चुकीची ठरली, पण ते प्रकरण वेगळं.

हे सगळं आठवायचं कारण जॉन स्टाइनबेक. नोबेल पारितोषिक मिळालेल्या माणसाच्या अंघोळीची चौकशी पुण्यातल्या एका निवृत्त माणसानं करावी हे थोडं आगाऊपणाचं आहे, हे मला कळतं. पण समीक्षक म्हटला की आगाऊपणा आलाच.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात आमच्या डेन्व्हरच्या चिरंजीवांनी फोनवर सांगितलं, "बाबा, या वेळी आपण आर.व्ही. घेऊन हिंडायचं. निवांत. घाई नाही." आर.व्ही. म्हणजे चाकांवरचं घर. फोर्डच्या ट्रकच्या सांगाड्यावर पंचवीस फुटांची खोली बसवलेली. तिच्यात शेगडी, फ्रीज, मोरी, संडास आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा. तो माळा नातवानं पहिल्याच मिनिटाला बळकावला. आमच्या हिनं गाडी पाहिली, आत जाऊन सगळी कपाटं उघडून मिटून पाहिली, आणि म्हणाली, "आपल्या सदाशिव पेठेतल्या पहिल्या जागेपेक्षा बरी आहे." ते खरंच होतं. त्या जागेत पाच माणसं होती, इथंही पाच. पण त्या जागेला निदान लिटरला चार किलोमीटर असं पेट्रोल लागत नव्हतं.

अशा प्रवासाची तयारी म्हणून मी स्टाइनबेकचं 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक वाचायला घेतलं. १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हा लेखक एका नव्या जी.एम.सी. ट्रकवर खोली बसवून घेतो, डॉन किहोटेच्या घोड्यावरून तिचं नाव रोसिनांटे ठेवतो, चार्ली नावाचा फ्रेंच पूडल जातीचा कुत्रा बरोबर घेतो आणि आपला देश पुन्हा पाहायला निघतो. सुमारे दहा हजार मैल. १९६२ साली पुस्तक आलं आणि त्याच वर्षी नोबेल. चाकांवरच्या घराचं हे आद्य पुराण. पुढं ज्या ज्या माणसानं अमेरिकेत घर गाडीवर बांधलं त्याच्या मनात कुठंतरी रोसिनांटे असणारच. ती गाडी आता कॅलिफोर्नियात सलिनास इथं, स्टाइनबेकच्या नावाच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. आपल्याकडे तुकोबांची वीणा जपावी तशी.

पुस्तक वाचताना मी पहिल्या पन्नास पानांतच त्याच्या प्रेमात पडलो. का, तर कपडे धुण्याची युक्ती. एक झाकणाची प्लॅस्टिकची बादली, तिच्यात पाणी, साबण आणि कपडे. ती रबरी दोरीनं गाडीच्या कपाटात टांगायची. गाडी दिवसभर धक्के खाते, बादली दिवसभर हिंदकळते, संध्याकाळी कपडे स्वच्छ. वा! माझ्या मते सगळ्या अमेरिकन साहित्यात एवढी उपयुक्त जागा दुसरी नाही. ही युक्ती मी हिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "कपडे धुतले. मग स्वतः?"

इथं माझं वाचन अडलं. मी मागची पानं चाळली, पुढची चाळली. माणूस मधूनमधून मोटेलात उतरल्याचं सांगतो, शिकागोत तर चांगल्या बड्या हॉटेलात उतरतो. पण पुस्तकाचा एकूण सूर असा, की हा गडी रानात, नदीकाठी, आभाळाखाली, कुत्र्याशी बोलत झोपतो आहे. नॉर्थ डकोटात तर तो एका ओढ्याकाठी मुक्काम करतो आणि तिथं त्याला एक फिरता नट भेटतो. खेडोपाडी शेक्सपिअर म्हणून दाखवणारा. फार छान प्रसंग आहे. इतका छान, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ओढ्याकाठी आजवर मला डास भेटले आहेत, गुराखी भेटले आहेत, एकदा विम्याचा एजंटही भेटला आहे. शेक्सपिअर म्हणणारा नट कधी भेटलेला नाही.

पुढं २०१० साली बिल स्टायगरवाल्ड नावाचा एक निवृत्त वार्ताहर स्टाइनबेकच्या मार्गावरून पुन्हा हिंडला, पत्रं तपासली, हस्तलिखित पाहिलं आणि म्हणाला, अहो, हा गृहस्थ त्या गाडीत फारच थोड्या रात्री झोपला होता. बहुतेक मुक्काम मोटेलात, हॉटेलात, स्नेह्यासोबत्यांच्या घरी. आणि ज्या रात्री तो नट भेटला म्हणतात, त्या रात्री लेखकमहाशय तिथून शेकडो मैलांवर बीच नावाच्या गावातल्या मोटेलात होते. हे बायकोला लिहिलेल्या त्यांच्याच पत्रातून निघालं. आणि तिथं ते काय करत होते?

गरम पाण्यात बसले होते!

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. आयुष्यभर जो प्रश्न मी प्रवासवर्णनकारांना विचारत आलो त्याचं उत्तर एका नोबेलवाल्याच्या पत्रात सापडलं होतं. अंघोळ केली होती! आणि पुस्तकात तिच्या जागी शेक्सपिअर घातला होता!

आता यावर अभ्यासू मंडळींचं म्हणणं मला ठाऊक आहे. तो मुळात कादंबरीकार, त्यानं चार प्रसंग रचले तर बिघडलं कुठं? २०१२ साली या पुस्तकाची पन्नाशीची आवृत्ती निघाली, तिच्या प्रस्तावनेत जे पारिनी यांनीही वाचकाला साधारण हेच सांगितलं आहे, की हे अक्षरशः घेऊ नका. ठीक. मी अक्षरशः घेत नाही. माझी तक्रार नट रचल्याबद्दल नाही. अंघोळ गाळल्याबद्दल आहे. अठ्ठावन्न वर्षांचा, प्रकृतीनं नरम झालेला माणूस, दिवसभर ट्रक हाकून पाठ मोडलेली, एका परक्या गावी कढत पाण्यात उतरतो आणि बायकोला पत्र लिहितो. यात लपवण्यासारखं काय होतं? मला तर त्या नटापेक्षा हा माणूस अधिक भेटावासा वाटतो. त्यानं एक चांगला प्रसंग रचण्यासाठी त्याहून चांगला, घडलेला प्रसंग फेकून दिला. समीक्षेच्या भाषेत याला काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्या घरी याला 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी' म्हणतात.

आमच्या प्रवासात मात्र अंघोळ लपवायची सोय नव्हती, कारण अख्खा प्रवासच अंघोळीवर आखलेला होता. त्याचं कारण शास्त्रीय आहे. आर.व्ही.त पाणी तापवायची जी टाकी असते ती असते सहा गॅलनची. म्हणजे आपली दीड बादली. माणसं पाच. शिवाय वापरलेलं पाणी जातं करड्या टाकीत, संडासाचं जातं काळ्या टाकीत, आणि दोन्ही टाक्या भरल्या की डंप स्टेशन नावाच्या जागी जाऊन जाड नळी लावून त्या रिकाम्या कराव्या लागतात. या विधीबद्दल अमेरिकन प्रवासवर्णनं अंघोळीहूनही कमी बोलतात. तेव्हा सूनबाईंनी नकाशा पुढ्यात घेतला आणि जिथं जिथं जमिनीतून गरम पाणी येतं तिथं तिथं फुली मारली. "बाबा, अंघोळीचं पाणी देव तापवेल. टाकीतलं भांड्यांना." अशा रीतीनं आमची यात्रा निघाली. सॅराटोगा, थर्मोपोलिस, यलोस्टोन, चिको, लाव्हा हॉट स्प्रिंग्ज. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे म्हणावं तसं.

वायोमिंगमधल्या सॅराटोगाला गावाच्या मधोमध गरम पाण्याचं एक उघडं कुंड आहे. हॉबो पूल म्हणतात. दिवसरात्र खुलं, आणि फुकट. पाणी इतकं कढत, की मी पायाचा अंगठा घातला आणि संस्कृतात ओरडलो. पलीकडे एक म्हातारा काउबॉय गळ्यापर्यंत बुडून बसला होता, डोक्यावर हॅट तशीच. त्यानं विचारलं कुठले तुम्ही? मी पुणे म्हटलं. बराच विचार करून तो म्हणाला, तिथं पाणी कसं आहे? गेल्या चाळीस वर्षांत परदेशात मला पुण्याबद्दल विचारला गेलेला हा पहिला मुद्द्याचा प्रश्न. मी त्याला पानशेत धरणापासून सुरुवात केली. बाराव्या मिनिटाला तो कुंडातून उठून गेला.

ही मात्र पाण्याकडे पाठ करून गाडीत पोहे करत होती. गुडघे दुखतात, डॉक्टरनं शेक सांगितलाय, सगळं खरं. "पण परक्या पुरुषांत मी नाही उतरायची," हा अंतिम निर्णय. लॅरमीला सूनबाईंनी तिच्यासाठी लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घेतला होता. तो पिशवीतून बाहेर आला नव्हता.

आणि मग थर्मोपोलिस. या गावाविषयी मला जरा विस्तारानं लिहायचं आहे, कारण स्टाइनबेकनं लिहिलेलं नाही. इथं सरकारी स्नानगृह आहे आणि तिथं पैसे घेत नाहीत. अमेरिकेत जिथं पैसे घेत नाहीत अशी जागा दिसली की मी खिसा चाचपतो. पण यामागं एक करार आहे. १८९६ साली ही सारी झऱ्यांची जमीन शोशोनी आणि अरापाहो लोकांच्या विंड रिव्हरच्या राखीव मुलखात होती. सरकारनं ती दहा मैल बाय दहा मैल जमीन साठ हजार डॉलरला घेतली, आणि त्यातला मोठा भाग गुरं आणि शिधा अशा रूपानं द्यायचा ठरला. करारावर सही करणाऱ्यांत शोशोनींचा म्हातारा प्रमुख वॉशाकी होता, अरापाहोंचा शार्प नोज होता. पाण्याचा काही भाग लोकांना कायम फुकट राहील, हा आग्रह वॉशाकीचा, असं गावात सांगतात. म्हणून आजही तिथं कोणीही जावं, वीस मिनिटं बसावं, कोणी दमडी मागत नाही. गावकरी या व्यवहाराला 'पाण्याची भेट' म्हणतात, त्याचा दरवर्षी सोहळा करतात. उपाशी माणसानं शिध्याच्या बदल्यात दिलेल्या वस्तूला भेट म्हणावं का, हा प्रश्न मला तिथं उभ्या उभ्या पडला. पण पाटी वाचणारा मी एकटाच नव्हतो.

हिनं ती हकिकत सूनबाईंकडून ऐकली, पुन्हा विचारून घेतली, आणि म्हणाली, "म्हणजे त्यांनी जमीन दिली पण पाणी अडवू दिलं नाही." मग जरा थांबून, "आपल्याकडे एवढं कुणी लिहून घेतलं असतं तर." मी तिच्याकडे पाहिलं. तिचं माहेर दुष्काळी भागातलं. १९७२ साली तिच्या गावची विहीर कुणाची, यावरून काय काय झालं होतं ते तिनं मला लग्नानंतर वीस वर्षांनी एकदाच सांगितलं होतं. मी काही बोलायच्या आत ती पिशवी घेऊन बायकांच्या खोलीत शिरली होती.

पाणी एकशे चार अंश फॅरनहाइटवर निववलेलं. म्हणजे आपल्या बंबातलं, विसण घालून बेताचं केलेलं. ती त्या लांब बाह्यांच्या पोशाखात पायरी-पायरीनं उतरली, कठड्याशी बसली, डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले. गंगे च यमुने चैव चाललं असणार. शेजारी एक जाडजूड गोरी बाई होती, तिला वाटलं ही काही सांगतेय, ती जवळ सरकली. दोघी बराच वेळ शेजारी बसून होत्या. दारातला रखवालदार येणाऱ्याची वेळ टिपून ठेवतो. वीस मिनिटांनी ती बाहेर आली. मी विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाली, "पायऱ्या निसरड्या आहेत." एवढंच.

स्टाइनबेक पुढं यलोस्टोनला गेला होता. म्हणजे जाऊन परत फिरला. आत शिरतो न शिरतो तो चार्लीला अस्वलं दिसली. एरवी गरीब असलेल्या त्या कुत्र्यानं गाडीत असा काही थयथयाट मांडला की लेखकानं गाडी वळवली. जगातली सगळ्यांत मोठी गरम पाण्याची जत्रा आणि हा दारातून मागं. पुस्तकातला हा भाग मात्र मला शंभर टक्के खरा वाटतो. रचायचा असता तर कुणी असा रचलाच नसता. आम्ही यलोस्टोन यथास्थित पाहिलं. तिथं पाणी जमिनीतून फुत्कारत उडतं, निळंजांभळं होऊन उकळतं, पण त्यात उतरायला सक्त मनाई. उतरलात तर अंघोळ नव्हे, भात होईल. उत्तरेच्या दाराशी बॉयलिंग रिव्हर म्हणून जी एक उतरायजोगी जागा होती तीही २०२२ च्या पुरानंतर बंद झालेली. नातवाला हे पटेना. इतकं पाणी तापवून ठेवायचं आणि न्हाऊ द्यायचं नाही, म्हणजे हे देवाचंही काम असू शकतं आणि घरमालकाचंही.

मोंटानाबद्दल स्टाइनबेक फार हळवा होतो. त्या राज्याच्या तो प्रेमातच पडला होता. गंमत अशी, की त्याचं पुस्तक निघालं त्याच १९६२ साली मोंटानातल्या बिलिंग्ज गावी के.ओ.ए. या कंपनीचं पहिलं कॅम्पग्राउंड सुरू झालं. सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या गाड्यांना रात्रीपुरती जागा आणि गरम पाण्याची अंघोळ. म्हणजे लेखक जी अंघोळ लपवत होता तीच त्याच वर्षी दुसऱ्यानं पाटी लावून विकायला काढली. साहित्य आणि व्यापार यांतला फरक विद्यापीठात शिकवताना हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

अशाच एका कॅम्पग्राउंडवर, आयडाहोत लाव्हा हॉट स्प्रिंग्जच्या आसपास, एक बाई भेटल्या. सत्तरीच्या. केस पांढरेशुभ्र, हातात मोठा रबरी हातमोजा. मला वाटलं आपल्यासारख्याच हौशी प्रवासी. त्या म्हणाल्या, मी इथली संडास-मोऱ्या साफ करते, बदल्यात ट्रेलरला जागा फुकट. हिवाळ्यात दक्षिणेकडे ॲरिझोनात. घर? घर होतं. त्या पुढं काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. २०१७ साली जेसिका ब्रूडर यांचं 'नोमॅडलँड' पुस्तक आलं आणि २०२० साली त्यावर क्लोई झाओ यांनी सिनेमा काढला. २०२१ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. तो मी घरी सोफ्यावर बसून पाहिला होता. त्यातल्या नायिकेचा कारखाना बंद पडतो, गावच उठतं, आणि ती गाडीत राहायला लागते. सिनेमा पाहून मी म्हटलं होतं, 'छायाचित्रण उत्तम.' आता त्या बाई मोरीतून पाण्याची नळी सोडत होत्या आणि मला छायाचित्रण आठवेना. आपल्या बीडकडून दरसाल ऊसतोडीला निघणारी कुटुंबंही घर गाडीवर घालूनच जातात की. कुणी त्याला निवांत सहल म्हणत नाही. स्टाइनबेकला अशी माणसं लिहिता येत होती. त्यांच्यावरच तर तो मोठा झाला होता. पण या पुस्तकात ट्रेलरवाल्यांपाशी पोचल्यावर तो बराच वेळ, अमेरिकन माणसाला मुळं हवीत की नकोत, अशी चर्चा करत बसतो. चर्चा चांगली आहे. हातमोजा नाही.

एवढं सगळं वाईट बोलल्यावर एक गोष्ट त्याच्या पदरात टाकली पाहिजे. शेवटाकडे तो न्यू ऑर्लीन्सला जातो. १९६० सालचा हिवाळा. गोऱ्या मुलांच्या शाळेत रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी पोलिसांच्या बंदोबस्तात शिकायला जाते आणि दारात उभ्या असलेल्या गोऱ्या बायका तिच्यावर रोज शिव्यांचा भडिमार करतात. ते पाहायला जाताना लेखक आपली रोसिनांटे दूर ठेवतो आणि टॅक्सी करतो. भीती वाटली म्हणून ठेवली, हे तो लपवत नाही. साऱ्या पुस्तकात मला तो इथं सगळ्यांत जवळचा वाटला. त्या पानांत ना आभाळ आहे ना ओढा. एक वयस्क माणूस गर्दीत उभा राहून जे बघू नये ते बघतो आहे, आणि त्याला मळमळतं आहे. एवढ्या चार पानांसाठी मी त्याला तो नट माफ करायला तयार आहे.

आपल्याकडे विष्णुभट गोडसे नावाचे एक भटजी १८५७ साली वरसईहून दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि नेमके बंडात सापडले. त्यांनी आपला 'माझा प्रवास' कितीतरी वर्षांनी, आठवणीवर भिस्त ठेवून लिहिला, छापून आला तो १९०७ साली. तपशिलाच्या चुका त्यात इतिहासवाल्यांनी काढल्याच आहेत. पण भटजी लुटले गेले तर लुटलो म्हणतात, घाबरले तर घाबरलो म्हणतात, आणि स्नानसंध्या कधी विसरत नाहीत. एवढ्या धामधुमीतून हा माणूस आईवडिलांना स्नान घालायला गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन कोकणात परत येतो. अंघोळ लपवणं दूरच, ती त्यांनी शेकडो कोस वाहून आणली. स्टाइनबेकजवळ ट्रक होता, कुत्रा होता, दारूच्या बाटल्यांची भलीमोठी यादी होती. पण कावड नव्हती.

आणि बायको? हे सांगायचं राहिलंच. त्याची पत्नी एलेन सिॲटलला येऊन त्याला मिळाली होती आणि पश्चिम किनाऱ्यानं दोघं बरोबर खाली उतरली. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात मूळ हस्तलिखित आहे, त्यात ती आहे. छापील पुस्तकात त्या वाटेवर फक्त लेखक आणि चार्ली. कुत्रा राहिला, बायको गेली.

हे वाक्य मी मोठ्या समाधानानं लिहिलं आणि लेख वाचायला हिच्याकडे दिला. तिनं तो भाजी निवडता निवडता वाचला. मग म्हणाली, "अहो, काळी टाकी रिकामी कोण करत होतं?"

"चिरंजीव," मी म्हटलं.

"लेखात तर तुम्ही 'रिकाम्या कराव्या लागतात' असं लिहिलंय. वाचणाऱ्याला वाटेल तुम्हीच नळी धरली होती. आणि चिकोला आपण हॉटेलात उतरलो ते कुठाय? दोन रात्री. टबात दोनदा बसलात."

चिको हॉट स्प्रिंग्ज १९०० साली सुरू झालेलं जुनं हॉटेल आहे, डोंगराच्या कुशीत, मोठं सुंदर. आमची गाडी बाहेर आवारात उभी होती आणि आम्ही आत गादीवर होतो. ते लिहायचं राहून गेलं होतं, कारण लेखाच्या ओघात ते कुठं बसत नव्हतं. ओघात बसत नव्हतं, हे वाक्य उच्चारल्यावर मी गप्प झालो.

"शेवटच्या दिवशी मी शेंगदाण्याची चटणी संपवून टाकली तेही नाही," ती म्हणाली. "बाकी चांगलं लिहिलंय." मग तिनं माझं पेन घेतलं, चष्मा लावला, थर्मोपोलिसच्या पानावर 'वीस मिनिटांनी ती बाहेर आली' या ओळीवर रेघ मारली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं : चाळीस. रखवालदारानं माझ्याकडे बघितलंच नाही.